नजर कुणाची, खर्च कुणाचा

वर्ध्यातल्या एखाद्या बऱ्यापैकी चालणाऱ्या खासगी रुग्णालयात काउंटरमागची भिंत पाहावी. गणपतीचा फोटो, शेजारी दरपत्रक आणि मग काचेच्या फ्रेमांची रांग. एक फ्रेम महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची, मुंबईहून आलेली. दुसरी नर्सिंग होमच्या नोंदणीची, त्यावर जिल्ह्यातल्या सरकारी आरोग्य अधिकाऱ्याची सही. सोनोग्राफी असेल तर तिच्या नोंदणीचा कागद वेगळा, गर्भपात केंद्र असेल तर त्याचा आणखी वेगळा. खाली मेडिकल स्टोअर असेल तर तिथे 'वीस-एकवीसचं लायसन'. रुग्णाचे नातेवाईक यातला एकही कागद वाचत नाहीत. त्यांचे डोळे दरपत्रकावर असतात आणि ते योग्यच आहे.

पण या प्रत्येक कागदाला एक वंशावळ आहे आणि प्रत्येकासाठी कुणीतरी, कुठेतरी फी भरलेली आहे. ती फी एका पेटीत पडत नाही. एक पेटी डॉक्टरांच्या कौन्सिलची, एक सरकारी तिजोरीची, एक जिल्हा प्राधिकाऱ्याच्या बँक खात्याची. आरोग्य क्षेत्रातल्या नियामकांबद्दल बोलताना आपण अधिकारांबद्दल बोलतो: कोण चौकशी करू शकतो, कोण परवाना काढून घेऊ शकतो. मला आधी त्याचा खर्च कोण चालवतो ते पाहावेसे वाटते. अधिकार कायद्यात लिहिलेले असतात, पण नियामक कुणाचे ऐकतो हे बहुधा त्याच्या हिशेबाच्या वहीत सापडते.

सर्वांत जुनी शाखा डॉक्टरांच्या नोंदणीची. तिचे मूळ १८५८ च्या ब्रिटिश मेडिकल अ‍ॅक्टमध्ये आहे. तोवर इंग्लंडात वैद्यकी करणारे नाना तऱ्हेचे लोक होते आणि त्यातला शिकलेला कोण हे रुग्णाला कळायची सोय नव्हती. या कायद्याने एक कौन्सिल नेमली आणि एक नोंदवही ठेवली. सरकारने मात्र खिशात हात घातला नाही. नव्या डॉक्टरने नाव नोंदवताना जास्तीत जास्त पाच पौंड भरायचे आणि त्यावर कौन्सिल चालायची. बदल्यात डॉक्टरांना जे मिळाले ते पाच पौंडांहून फार मोठे होते: नोंदलेले आणि न नोंदलेले यांच्यामधली सरकारमान्य रेघ, आणि आपल्यातल्या माणसाच्या वागण्याचा निवाडा आपणच करण्याचा हक्क. हा सौदा सव्वाशे वर्षे बिनबोभाट चालला असे म्हणता येत नाही. १९७० मध्ये कौन्सिलने एकदाच्या नोंदणी-फीऐवजी दरवर्षी फी मागितली, तेव्हा ब्रिटिश डॉक्टर खवळले. पैसे आमचे, तर कौन्सिलवर माणसेही आमचीच हवीत, असा त्यांचा हट्ट होता. सरकारला मेरिसन समिती नेमावी लागली आणि १९७८ मध्ये कायदा बदलावा लागला. पैसे देणाऱ्याचा आवाज किती लांब पोचतो याचा हा स्वच्छ दाखला आहे.

मुंबई इलाख्याने हा साचा १९१२ मध्ये उचलला. बाँबे मेडिकल अ‍ॅक्ट हा हिंदुस्थानातला अशा जातीचा पहिला कायदा. पाठोपाठ १९१४ मध्ये बंगाल आणि मद्रास. पण वर्ध्याचा मुंबईशी तेव्हा काही संबंध नव्हता. १८६२ मध्ये नागपूरपासून वेगळा काढलेला हा जिल्हा मध्य प्रांतात होता आणि त्याच्या सगळ्या वाटा नागपूरकडे जात. नागपुरात १९१४ मध्ये रॉबर्टसन मेडिकल स्कूल निघाले, आणि दोनच वर्षांनी, १९१६ मध्ये, मध्य प्रांताचा स्वतःचा वैद्यकीय नोंदणी कायदा झाला. त्याच वर्षी बनावट वैद्यकीय पदव्यांना आळा घालणारा कायदा केंद्रातही झाला. शाळा आधी, नोंदवही मग, हा क्रम मला अर्थपूर्ण वाटतो. जोवर डॉक्टर म्हणजे सरकारी नोकरीतला सिव्हिल सर्जन आणि त्याचे हाताखालचे लोक, तोवर वहीची गरज नव्हती; पगारपत्रक हीच वही होती. शाळेतून स्वतंत्र धंदा करणारे लोक बाहेर पडू लागले तेव्हा वही लागली.

रॉबर्टसन स्कूल डिग्री देत नसे. तिथून बाहेर पडणारे लायसेन्शिएट असत, म्हणजे जुन्या लोकांच्या तोंडी असलेले 'एलएमपी डॉक्टर'. विदर्भातल्या जुन्या पेठांतून आणि तालुक्यांच्या गावांतून लोकांनी पहिल्यांदा पाहिलेला 'डॉक्टर' पुष्कळदा हाच. आणि अखिल भारतीय नियमनाच्या पहिल्या प्रयत्नात हाच माणूस दाराबाहेर राहिला. लंडनच्या कौन्सिलने १९३० मध्ये भारतीय विद्यापीठांच्या वैद्यकीय पदव्यांची मान्यता थांबवली; इथले प्रसूतीचे शिक्षण अपुरे असते हा त्यांचा जुना आक्षेप होता. त्या मानहानीतून १९३३ चा इंडियन मेडिकल कौन्सिल अ‍ॅक्ट जन्मला. नवी कौन्सिल पदव्यांचा दर्जा पाहणार होती, म्हणून तिच्या कक्षेत फक्त पदवीधर आले. देशात बहुसंख्येने होते ते लायसेन्शिएट. रुग्णाला कुणाकडे जावे लागते याचा विचार त्या कायद्यात कुठे दिसत नाही. दिसते ती लंडनमध्ये पदवी चालावी ही काळजी.

१ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ मध्य प्रदेशातून निघून द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात. माणसे एका दिवसात राज्य बदलतात, वह्या बदलत नाहीत. नागपूरची नोंदवही आणि मुंबईची नोंदवही काही वर्षे शेजारी शेजारी चालल्या. १९६५ च्या महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल अ‍ॅक्टने १९१२ चा मुंबईचा आणि १९१६ चा मध्य प्रांताचा, दोन्ही कायदे रद्द केले आणि एक कौन्सिल केली. तिचे ठाणे मुंबईत. वर्ध्याच्या डॉक्टरचे नाव ज्या वहीत, ती वही तासा-दोन तासांच्या नागपूरहून रात्रभराच्या गाडीवर गेली. तक्रारदार रुग्णाची गाडीही तीच.

या कौन्सिलचे पोट आजही १८५८ च्याच पद्धतीने भरते. डॉक्टरांची नोंदणी-फी, दर पाच वर्षांनी नूतनीकरण, त्यासाठी सततच्या शिक्षणाचे तीस क्रेडिट पॉइंट, ज्यादा पदवीच्या नोंदीची फी, दुसऱ्या राज्यात जायचे तर दाखल्याची फी. सभासदांत निवडून आलेले डॉक्टर, काही सरकारने नेमलेले, काही पदसिद्ध. २०२२ मध्ये निवडून आलेल्यांची मुदत संपली आणि कारभार प्रशासकाकडे गेला. २०२५ च्या एप्रिलमध्ये ठरलेले मतदान तोंडावर आले असताना लांबणीवर पडले. डॉक्टर यावर रागावले आणि त्यांच्या बाजूने तर्क आहेच: फी आम्ही भरतो, मग मत का नाही? रुग्णाला हा प्रश्न विचारायची वेळच येत नाही, कारण या व्यवस्थेत तो काही भरत नाही.

तो काही भरत नाही, म्हणून त्याला किती जागा आहे हे कायद्याच्या एका कलमातून कळते. १९३३ च्या कायद्यातून निघालेल्या मेडिकल कौन्सिल ऑफ इंडियाच्या अध्यक्षांना एप्रिल २०१० मध्ये एका महाविद्यालयाच्या मान्यतेसाठी लाच घेतल्याच्या आरोपावरून अटक झाली, पुढच्याच महिन्यात कौन्सिल बाजूला सारली गेली, २०१६ मध्ये संसदेच्या समितीने तिच्यावर कडक अहवाल दिला, आणि अखेर २५ सप्टेंबर २०२० पासून नॅशनल मेडिकल कमिशन आले. निवडून येणाऱ्या डॉक्टरांच्या जागी बहुतेक नेमलेली माणसे, आणि फीच्या जोडीला केंद्र सरकारचे अनुदान. इथे १८५८ ची परंपरा पहिल्यांदा ठळकपणे मोडली. पण अपिलाचे कलम पाहा. राज्य कौन्सिलच्या निर्णयाने नाराज झालेला डॉक्टर कमिशनच्या नीतिमत्ता मंडळाकडे अपील करू शकतो, असे २०१९ चा कायदा स्पष्ट म्हणतो. नाराज झालेल्या रुग्णाबद्दल तो गप्प आहे, आणि या गप्पपणाच्या आधारे रुग्णांची अपिले परत पाठवली गेली आहेत. पेटी बदलली तरी जुन्या पेटीची सवय राहिली.

वर्ध्यापुरते सांगायचे तर या केंद्रीकरणाची एक खूण सेवाग्रामला उमटली. महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेची स्वतःची प्रवेश परीक्षा होती आणि तिच्यात गांधीविचाराचा एक वेगळा पेपर असे. सतरा-अठरा वर्षांची पोरे जीवशास्त्राबरोबर ग्रामस्वराज्य पाठ करीत. त्यातले किती पुढे खेड्यात राहिले हा वेगळा वाद, पण परीक्षा या मातीतली होती. देशभर 'नीट' लागू झाली आणि तो पेपर गेला.

वैद्य आणि होमिओपॅथ यांची वंशावळ आणखी गुंत्याची आहे आणि तिच्यातही वर्ध्याची वाट मुंबईहून निराळी. मुंबईने १९३८ मध्ये वैद्य-हकिमांची नोंदणी सुरू केली. मध्य प्रांत-वऱ्हाडाने १९४७ मध्ये. होमिओपॅथीचा इकडचा कायदा १९५१ चा, म्हणजे नागपूर ज्या मध्य प्रदेशाची राजधानी होते त्या काळातला. मग महाराष्ट्राने १९६१ मध्ये आपला मेडिकल प्रॅक्टिशनर्स अ‍ॅक्ट केला. बोगस डॉक्टरवर पोलीस जे 'कलम ३३' लावतात ते याच कायद्यातले. वेगवेगळ्या वह्या, वेगवेगळ्या फिया, वेगवेगळी मंडळे. २०२५ मध्ये ठरावीक अभ्यासक्रम केलेल्या होमिओपॅथांची नावे मेडिकल कौन्सिलच्या वहीत घ्यायची की नाही यावरून राज्यभर रान पेटले, अ‍ॅलोपॅथीच्या डॉक्टरांनी संपही केला. भांडण रुग्णाच्या सुरक्षिततेच्या भाषेत झाले. खाली वाहत होता तो जुनाच प्रवाह: वही कुणाची.

आता भिंतीवरची दुसरी फ्रेम. डॉक्टरची नोंद माणसाची असते, ही इमारतीची. बाँबे नर्सिंग होम्स रजिस्ट्रेशन अ‍ॅक्ट १९४९ चा. चाळीस वर्षे तो पुस्तकात पडून होता म्हटले तरी चालेल. खुद्द मुंबईत तो पाळला जात नाही हे १९९० मध्ये उच्च न्यायालयात यास्मिन तवारिया यांच्या याचिकेतून उघडे पडले. राज्यभर लागू करणारी दुरुस्ती आली २००५ मध्ये, म्हणजे कायद्याला पंचावन्न वर्षे उलटल्यावर. २०२१ च्या नियमांत रुग्णहक्कांची सनद लावणे, दरपत्रक लावणे, तक्रार निवारण कक्ष ठेवणे आले. ते दरपत्रक भिंतीवर दिसते त्यामागे हा नियम आहे. केंद्राचा २०१० चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट्स कायदा महाराष्ट्राने स्वीकारला नाही. आपला वेगळा करू म्हणून मसुदे झाले आणि राहिले.

या कायद्याखाली पाहणी करायची ती जिल्ह्यातल्या शासकीय आरोग्य अधिकाऱ्यांनी, मुख्यतः जिल्हा शल्यचिकित्सकांनी. हा माणूस मुळात कोण? मध्य प्रांताच्या सिव्हिल सर्जनचा वारस. तेव्हाही तो एकटाच जिल्ह्याचे इस्पितळ चालवी, तुरुंगातल्या कैद्यांची तब्येत पाही, शवविच्छेदन करी, दवाखान्यांची तपासणी करी. आज त्याच्या टेबलावर जिल्हा सामान्य रुग्णालय आहे, आर्वी आणि हिंगणघाटची उपजिल्हा रुग्णालये आहेत, ग्रामीण रुग्णालये आहेत, अपंगत्वाचे दाखले आहेत, आणि मग उरलेल्या वेळात खासगी रुग्णालयांची तपासणी. नियमनाचे काम त्याच्या अंगावर एकेका कायद्याने चढत गेले. त्यासाठी वेगळा माणूस, वेगळी गाडी, वेगळे कार्यालय बहुधा कधी आलेच नाही. नोंदणीची फी खाटांवर ठरते आणि वर्षानुवर्षे ती इतकी जुजबी राहिली की तिच्यातून एक तपासणीस पोसणे अशक्य.

याला एकच ठळक अपवाद सोनोग्राफीचा, आणि तो मुद्दाम सावकाश पाहण्यासारखा आहे. गर्भलिंगनिदानाला बंदी घालणारा देशातला पहिला कायदा महाराष्ट्राचा, १९८८ चा. केंद्राचा १९९४ चा. तो कागदावरच राहिला म्हणून 'सेहत' आणि 'मासूम' या संस्था आणि कार्यकर्ते डॉ. साबू जॉर्ज सर्वोच्च न्यायालयात गेले, तेव्हा कुठे २००१ पासून यंत्रांची मोजदाद सुरू झाली. या कायद्याच्या नियमात एक वाक्य असे आहे की जे आरोग्य नियमनाच्या इतर कायद्यांत सहसा भेटत नाही. नोंदणीची फी समुचित प्राधिकाऱ्याने आपल्या पदनामाच्या बँक खात्यात ठेवायची आणि याच कायद्याच्या अंमलबजावणीवर खर्च करायची. तिजोरीत भरायची नाही. जिल्ह्यात हा प्राधिकारी म्हणजे पुन्हा जिल्हा शल्यचिकित्सक. म्हणजे त्याच्या डझनभर टोप्यांपैकी या एका टोपीखाली त्याचे स्वतःचे पैसे आहेत.

किती? २०१२ मध्ये फी वाढून सोनोग्राफी केंद्राला २५,००० रुपये झाली, अनेक सेवा एकत्र देणाऱ्या रुग्णालयाला ३५,०००. नोंदणी पाच वर्षांची, नूतनीकरणाला निम्मी फी. समजा एखाद्या जिल्ह्यात शंभर केंद्रे आहेत आणि सगळी नूतनीकरणावर आहेत. पाच वर्षांत साडेबारा लाख. वर्षाला अडीच लाख. त्यात एक वकील, एक डेटा भरणारा माणूस, गाडीचे डिझेल आणि एखादे डिकॉय ऑपरेशन, म्हणजे बनावट गिऱ्हाईक पाठवून लावलेला सापळा, बसवायचे. हिशेब जेमतेम बसतो, पण बसतो तरी. म्हणूनच आरोग्याच्या सगळ्या कायद्यांत याच कायद्याची 'एफ फॉर्म भरला का' (म्हणजे गर्भवतीच्या सोनोग्राफीच्या नोंदीचा फॉर्म) आणि 'मशीन सील केली' ही वाक्ये जिल्ह्याच्या पातळीवर खरोखर ऐकू येतात. डॉक्टर या कायद्यावर सर्वांत जास्त चिडतात, कारकुनी चुकांवरून गुन्हे लावतात म्हणून. ती तक्रार अगदीच खोटी नाही. ज्या नियामकाच्या हातात थोडा पैसा आणि भरपूर फॉर्म असतात तो फॉर्म तपासतो.

आणि फॉर्म तपासून काय निसटते ते आर्वीत दिसले. जानेवारी २०२२. एका अल्पवयीन मुलीच्या बेकायदा गर्भपाताची तक्रार पोलिसांकडे गेली आणि तपासात तिथल्या एका खासगी रुग्णालयाच्या आवारातल्या बायोगॅसच्या खड्ड्यातून अर्भकांच्या कवट्या आणि हाडे निघाली: ११ कवट्या, ५४ हाडे. देशभर बातमी झाली. न्यायालयात त्याचे जे व्हायचे ते होईल. मला इथे क्रम महत्त्वाचा वाटतो. खड्ड्यापर्यंत पोचले ते पोलीस, एका मुलीबद्दलच्या तक्रारीवरून. गर्भपात केंद्रांना मान्यता देणारी व्यवस्था १९७१ च्या कायद्याची, सोनोग्राफीची १९९४ ची, नर्सिंग होमची १९४९ ची, जैववैद्यकीय कचऱ्याची प्रदूषण नियंत्रण मंडळाची. चार कायद्यांच्या चार नजरा एका आवारावर असायला हव्या होत्या. यातल्या तीन नजरा जिल्ह्यात एकाच टेबलावर एकत्र येतात, ही त्यातली खरी गोष्ट. सांगली जिल्ह्यातल्या म्हैसाळला मार्च २०१७ मध्ये १९ भ्रूण सापडले तेव्हाही सुरुवात एका विवाहितेच्या मृत्यूच्या पोलीस तपासातूनच झाली होती. दोन्हीकडे नियामकाच्या आधी हवालदार पोचला. तो नियामकापेक्षा हुशार होता असे नाही. त्याला महिन्याचा पगार, गाडी आणि 'कुणीतरी तक्रार केली की जायचेच' हा नियम होता.

औषधांची गोष्ट थोडक्यात, कारण तिचा पैसा सरळ आहे: तो तिजोरीतून येतो आणि तिजोरीतच जातो. १९३०-३१ च्या चोप्रा समितीने बनावट आणि निकृष्ट औषधांचा बाजार दाखवला, १९४० मध्ये कायदा झाला, अंमलबजावणी प्रांतांकडे गेली. दुकानाच्या फॉर्म वीस-एकवीसची फी राज्य सरकारला मिळते आणि अन्न व औषध प्रशासनाला अर्थसंकल्पातून जे मिळेल ते. १९६४ मध्ये हा कायदा वाढून आयुर्वेदिक औषधांपर्यंत पोचला, तेव्हा केंद्रात आरोग्यमंत्री होत्या डॉ. सुशीला नायर, सेवाग्रामच्या. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळीच्या ग्लिसरॉलने १४ रुग्ण दगावले आणि न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने औषध प्रशासनापासून मंत्र्यांपर्यंत कुणालाही सोडले नाही. ते विष डायएथिलीन ग्लायकॉल. २०२५ मध्ये छिंदवाड्याची मुले तेच विष असलेल्या खोकल्याच्या औषधाने आजारी होऊन नागपूरच्या रुग्णालयांत आली आणि वीसहून अधिक दगावली. औषध तमिळनाडूत बनलेले, दुकान मध्य प्रदेशातले, उपचार महाराष्ट्रात. तपासणीस तिन्ही राज्यांचे, आणि तिन्हींची तिजोरी वेगळी. अमेरिकेने १९९२ पासून औषध कंपन्यांकडूनच परीक्षणाची घसघशीत फी घ्यायला सुरुवात केली. काम वेगाने झाले, आणि नियामक कंपन्यांच्या ओझ्याखाली दबतो का हा वाद तिथे अजून मिटलेला नाही. तिजोरीचा नियामक उपाशी राहतो, फीचा नियामक मिंधा होण्याचा धोका असतो. या दोहोंतला कुठला बरा हे सांगणारा मला अजून भेटलेला नाही.

आता रुग्णाचा पैसा. कायद्याने रुग्णाला पहिल्यांदा पैसे देणारा म्हणून ओळखले ते १३ नोव्हेंबर १९९५ ला. इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरची सेवा ग्राहक कायद्याखाली आणली. रुग्णाला मुंबईच्या गाडीत न बसता वर्ध्याच्याच ग्राहक मंचात जायची वाट मिळाली. पण निकालात एक मेख होती. जिथे सगळ्यांनाच फुकट उपचार, तिथे हा कायदा नाही. नोंदणीचे दोन-चार रुपये घेतले म्हणून काही बदलत नाही. जिथे काहींकडून पैसे घेतात आणि काहींना फुकट देतात, तिथे मात्र फुकटवालाही ग्राहक. सरकारी दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईला जे दार बंद, ते सेवाग्रामसारख्या ठिकाणी सवलतीत बाळंत झालेल्या बाईला उघडे.

सेवाग्रामची घडण या दृष्टीने विलक्षण आहे. फेब्रुवारी १९४४ मध्ये कस्तुरबा गेल्या, त्यांच्या नावाने बिर्लांच्या अतिथिगृहात पंधरा खाटांचे बायामुलांचे इस्पितळ निघाले. १९६४ मध्ये कस्तुरबा हेल्थ सोसायटी झाली, आणि १९६९ मध्ये, गांधी-शताब्दीच्या वर्षी, वैद्यकीय महाविद्यालय. खर्चाची वाटणी ठरली: निम्मा केंद्राचा, चतुर्थांश राज्याचा, चतुर्थांश सोसायटीचा. पूर्ण सरकारी नाही, पूर्ण खासगीही नाही. पुढे १९९० मध्ये सावंगी मेघे इथे खासगी महाविद्यालय उभे राहिले, ते आज अभिमत विद्यापीठात आहे. दहा-बारा किलोमीटरच्या परिघात दोन मोठी महाविद्यालये, दोन निराळ्या पेट्या.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला सेवाग्रामच्या डॉ. उल्हास जाजू यांनी आसपासच्या गावांत जे केले ते कुठल्याही नियामकाच्या वंशावळीत सापडणार नाही, पण मला ते तिथेच ठेवावेसे वाटते. गावाने सुगीच्या दिवसांत आरोग्यासाठी ज्वारी जमा करायची. ज्याची जमीन जास्त, त्याची ज्वारी जास्त. भूमिहीनाचा वाटा लहान. गावातली बहुसंख्य घरे, तीन-चतुर्थांशांच्या आसपास, सामील झाली तरच योजना चालायची. त्यावर गावाची आरोग्यसेविका आणि औषधे चालायची आणि कस्तुरबा रुग्णालयात सवलतीत उपचार मिळायचे. कागदोपत्री हा विमा. पण वर्षातून एकदा ज्वारी मोजून देणारा शेतकरी ग्रामसभेत डॉक्टरसमोर उभा राहून विचारू शकत होता: माझ्या पोराला तिथं बसवून का ठेवलं, औषध बाहेरून का आणायला लावलं, आणि यंदा ज्वारी का द्यायची? पुढच्या वर्षीची पायली त्याच्या हातात होती. कौन्सिलच्या नोटिशीत नसलेली एक गोष्ट त्या प्रश्नात होती: उत्तर पटले नाही तर पैसा थांबायचा.

याला मर्यादा होत्या आणि त्या लपवण्यात अर्थ नाही. ग्रामसभा सेवाग्रामच्या डॉक्टरला जाब विचारू शकत होती कारण सेवाग्रामचा डॉक्टर ऐकायला तयार होता. वर्ध्याच्या पेठेतल्या खासगी रुग्णालयाला विचारण्याचा तिला कसलाही अधिकार नव्हता. आणि ज्वारीही तशी राहिली नाही. वर्ध्याच्या शेतांत सोयाबीनने तिची जागा घेत नेली.

आज तोच धाक दुसऱ्या रूपात, कितीतरी मोठ्या आकारात आला आहे. २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली, वर्ध्यात ती २०१३ च्या नोव्हेंबरात पोचली, आणि २०१७ पासून ती महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजना आहे. पैसा राज्याच्या अर्थसंकल्पाचा, खर्च करणारी राज्य आरोग्य हमी सोसायटी. सेवाग्राम आणि सावंगी दोन्ही तिच्या यादीत आहेत. सोसायटी ठरवते कुठल्या शस्त्रक्रियेला किती रुपये, कुठले कागद हवेत, रुग्णाकडून वर पैसे मागितले तर काय. कुठल्याही कायद्याने तिला नियामक म्हटलेले नाही. पण 'पॅनेलवरून काढतील' या दोन शब्दांना रुग्णालयांचे व्यवस्थापन जितके घाबरते तितके ते कौन्सिलच्या पत्राला घाबरताना मी पाहिलेले नाही. बिल अडवता येते, आणि अडवलेले बिल दुसऱ्या महिन्यात पगारावर येते.

यादीत नसलेल्या रुग्णालयावर मात्र या सोसायटीची नजर नाही. तालुक्याच्या ठिकाणचे दहा-पंधरा खाटांचे खासगी रुग्णालय, जिथे अजूनही पुष्कळ बाळंतपणे आणि अपेंडिक्स होतात, पुष्कळदा तिच्या बाहेर असते. तिथे रुग्ण रोख देतो, पावती मिळाली तर घेतो, आणि नजर ठेवायचे काम परत त्याच टेबलावर येते, ज्याच्यावर आधीच जिल्ह्याचे इस्पितळ आणि अपंगत्वाच्या दाखल्यांचा ढीग आहे.